खोकल्याचे उत्तर

आमच्या दिवंगत गायिकेची जीभ तिच्या स्वराइतकीच धारदार होती. अखेरच्या मैफलीत कोणी खोकताच गाणे थांबवून ती कडाडली होती, "खोकायचं तर बाहेर जा!"

तिच्या स्मरणार्थ आम्ही चाहते जमतो, तेव्हा त्याच मैफलीची टेप मी लावतो. ते वाक्य येण्याआधी माझे थोरले बंधू मुद्दाम खोकतात आणि सर्वजण पोट धरून हसतात.

परवा मात्र बंधू फार लवकर खोकले.

"भावजी, घाई केलीत!" माझी पत्नी हसली.

तोच गाणे थांबले. त्या जागी ते पूर्वी कधीही थांबले नव्हते.

"पुन्हा तूच?" टेपमधून तिचा आवाज आला. "एवढी हौस आहे, तर आता इथेच राहा."

गाणे पुढे सुरू झाले. कोणीही हसले नाही.

"दादा, पाणी देऊ का?" मी विचारले.

बंधूंचे ओठ हलले, परंतु शब्द फुटेना. भयभीत होऊन त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. टेप संपत आली होती.

इतक्यात तिच्या आलापामागून खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ दादांचाच आवाज, "अरे, टेप संपू देऊ नकोस रे!"