पाळी चुकली

"पाळी चुकली! पाळी चुकली!" हातात मोबाइल घेऊन कस्तुराबाई मेडशीच्या शिवारात धुऱ्याच्या बांधावरून पळत सुटल्या होत्या.

सोयाबीन निघालेल्या वावरात त्यांचे मालक शालिग्राम वखर हाकत होते. त्यांनी बैल थांबवून मागे पाहिलं. "कोठी चुकली? सुतासारखी सरळ पाळी घालून राह्यलो मी!"

शेजारचा बाबूसिंग सामाईक विहिरीवर मोटार सुरू करत होता. तो तिथूनच ओरडला, "चुकली-बिकली काई नाई, काकू! आज पान्याची पाळी माहीच हाय."

"आग लागो तुमच्या पाळीले!" कस्तुराबाईंना हसू आवरेना. "मंजूची चुकली, मंजूची! दवाखान्यातून आताच फोन केला पोरीनं."

मंजू त्यांची सून. लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. अकोल्याचे डॉक्टर झाले, उपास झाले, शेवटी घरात तो विषयच बंद झाला. तिचा नवरा विनोद तिथेच गवत कापत होता. त्याच्या हातातून विळा गळून पडला. बाबूसिंगनं धावत येऊन त्याला उचललं आणि गरगर फिरवलं. शालिग्राम बैलाच्याच गळ्यात पडले.

तासाभरानं मंजू एसटीतून उतरली, तर फाट्यावर अर्धं गाव जमलेलं. विनोद पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. बाबूसिंग डफडं बडवत होता. कशासाठी ते कळल्यावर मंजूचा चेहराच उतरला.

"आत्याबाई, दवाखान्यात नंबर लावला होता, त्याची पाळी चुकली म्हनलं मी. उद्या या म्हने."

डफडं थांबलं. विनोदनं पुडा पाठीमागे लपवला. कस्तुराबाईंनी सुनेचा हात धरला.

"जाऊ दे माय, माह्याच कानाची चूक. पन नंबर हुकला कसा?"

"नाव पुकारलं तवा मी बाहेर उलट्या करून राह्यली होती. आठ दिवस झाले, लय पित्त झालं."

कस्तुराबाई तिच्या कानाशी वाकल्या. "अन् तुही पाळी? ते कवा आलती?"

मंजूनं कित्येक वर्षांत दिवस मोजले नव्हते. शेवटची पोळ्याला आली होती, तिथपासून धरून ती बोटांची पेरं मोजू लागली. उजव्या हाताची संपली, डाव्याची संपली, पुन्हा उजवा हात आला, आणि भर रस्त्यात मटकन खाली बसून ती खदखदा हसत सुटली.