लता दिसेल तिथे

चहा निवायच्या आत प्रेमपत्र तयार! निनाद स्वतःवरच खूश झाला. माऊसला हातही न लावता त्याने कॉलेजात लिहिलेलं जुनं पत्र उघडलं, कंट्रोल-एच दाबून ‘लता’ दिसेल तिथे होणाऱ्या बायकोचं नाव ‘मुग्धा’ घातलं आणि पाठवूनही दिलं.

मग सहज वाचायला घेतलं. ‘बोमुग्धा बोमुग्धा संध्याकाळ कधी झाली, कळलंच नाही.’ ‘बोलता बोलता’मधली लतासुद्धा गेली होती!

दुपारी मुग्धाचं उत्तर आलं. पानभर, गोड, ‘बोमुग्धा’बद्दल अवाक्षर नाही. निनादचा जीव भांड्यात पडला. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘घाई नाही, आनिनादात उत्तर दे.’

‘आरामात’ म्हणायचं असेल, म्हणत तो हसला आणि हसता हसता थांबला. हा राम कोण, हे विचारायची सोय मात्र उरली नव्हती.