गेलामाचा आवाज

"काय झहारा, अजून बटणंच फिरवतेस?" दातुक शुकोरने ध्वनिकक्षाच्या काचेवर अंगठीने टकटक केलं.

"हो, दातुक." हा मानाचा किताब लावूनच सगळे त्याला हाक मारत.

"छान, छान. कुणीतरी फिरवायलाच हवीत."

तो स्टुडिओत जाऊन गोल टेबलाशी बसला. तिथे बारा देशांचे बारा प्रशिक्षणार्थी वाट बघत होते. रेडिओचे माहितीपट करायला शिकण्यासाठी ते तीन आठवडे क्वालालंपूरच्या या केंद्रात आले होते. आजचा धडा मुलाखतीचा होता आणि पाहुणा शुकोर. चौतीस वर्षांपूर्वी त्याच्या दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला सगळ्या आशिया-पॅसिफिक प्रदेशातून पहिलं बक्षीस मिळालं होतं. सेतिऊच्या किनाऱ्यावरचा पाणबुड्या कान पाण्याखाली धरतो, गेलामा माशांची कुरकुर ऐकतो आणि जाळं कुठे टाकायचं ते सांगतो. तीच कुरकुर त्या दोन मिनिटांत होती.

आता बारा देशांच्या सामाईक ध्वनिसंग्रहात पहिली नोंद त्या ध्वनिमुद्रणाची व्हायची होती. अर्ज टेबलावर होता. 'ध्वनिमुद्रण' या शब्दापुढे शुकोरचं नाव टंकलेलं होतं. सही तेवढी बाकी होती.

ध्वनिमुद्रण झहाराने केलं होतं.

तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रार फायलीत जाते आणि तिथेच राहते, हे तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. तिला शुकोर माणसांसमोर हवा होता, आणि खरं काय ते त्याच्याच तोंडून हवं होतं. या वर्गाला शिकवायचीही तीच. सोमवारपासून तिने वर्गाकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. पाहुण्याला अडवायचं नाही. साधे प्रश्न विचारायचे. कोण होतं, हातात काय होतं, पाणी किती होतं. त्याला बोलू द्यायचं, हवं तेवढं. मग मूळ फीत ऐकायची आणि ताडून बघायचं.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. फिजीच्या लितियाने सुरुवात केली. ती बेटावर वाढलेली. समुद्राबद्दल तिला कुणी थापा मारू शकत नसे.

"माइक पाण्यात कसा नेलात, दातुक?"

"खास जपानहून मागवला होता. पाण्यातलाच."

"आणि तुम्ही स्वतः उतरलात?"

"मग काय, ऑफिसात बसून मासे ऐकू येतात?" शुकोर हसला. वर्गही हसला. त्याला आणखी चेव आला. "मानेपर्यंत पाणी. लाटा ही एवढाल्या. पोक जुसोह, तो म्हातारा पाणबुड्या, मला म्हणतो, साहेब, जिवाशी खेळू नका. मी म्हटलं, पोक, आवाज मिळाल्याशिवाय मी किनारा बघणार नाही."

"सोबत कोण होतं?"

"कोण असणार? मी आणि समुद्र."

झहाराने आवाजाची पातळी दाखवणारी सुई पाहिली. आवाज स्वच्छ येत होता. शब्द न् शब्द.

"झालं ना?" शुकोरने पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज पुढे ओढला.

"मूळ फीत राहिलीय," लितिया म्हणाली. "वर्गाचा नियम आहे."

"अगं, ती दोन मिनिटं सगळ्या जगाने ऐकलीयत."

"दोन नाही, दातुक," झहारा आतून माइकवर बोलली. "सत्तावीस." आणि तिने फीत सुरू केली.

आधी लाकडावर पाण्याच्या चापट्या. मग म्हाताऱ्याचा घोगरा आवाज. "ए पोरी, तुझे साहेब कुठायत?"

"धक्क्यावर बसलेत, पोक. बोट लागली त्यांना."

"बोट लागली? अजून दोरसुद्धा सोडला नाही आपण!"

पोरगी खुदकन हसली. मग खरखर. "पोक, हा फुगा फुटला तर? माइकवर दोन चढवलेत, पण लग्नातले आहेत, स्वस्तातले."

"फुटला तर माइक सरकारचा. माझं काय जातंय? चल, धर माझा खांदा. नाक दाब."

पाणी डुबुक वाजलं. मग ती कुरकुर आली, खोलवरून, शेकडो गळ्यांतून. बक्षीस मिळालेली दोन मिनिटं. माशांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाराही जण शुकोरकडे बघत होते.

झहाराने फीत थांबवली. लाल दिवा चालूच ठेवला.

"दातुक," लितियाने विचारलं, "ही मुलगी कोण?"

"असतात गं मदतीला… पोरीबाळी."

"नाव?"

शुकोरने घसा खाकरला. "झहारा."

बारा माना काचेकडे वळल्या.

"पूर्ण नाव? नोंदीत लिहायचंय." लितियाने त्याच्या हाताखालून अर्ज काढून घेतला, टंकलेल्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि पेन रोखून थांबली.

शुकोरनेही काचेकडे पाहिलं. पूर्ण नावाला वडिलांचं नाव लागतं, आणि इतक्या वर्षांत तिच्या वडिलांचं नाव विचारायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. झहाराला ते माइकवर सांगता आलं असतं. तिने ते सांगितलं नाही.

तिने बटण दाबलं. "मुलाखत संपली. आता नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा, जोडकामाला लागतो. एक मिनिट. कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही."

सगळे जागच्या जागी थिजले. झहाराच्या कानावरच्या हेडफोनमध्ये आता एकाच माणसाचा श्वास होता, जाड आणि भरभर. वीस सेकंद. चाळीस. पन्नासाव्या सेकंदाला त्याची खुर्ची कचकन वाजली.

झहाराने घड्याळ शून्यावर आणलं.

"बिघडलं," ती म्हणाली. "पुन्हा एक मिनिट."