वीणेचा पहारा

या माउली, जवळ येऊन बसा. कीर्तनाला बसून मला कथा लांबवायची खोड लागली, पण ही शंभर शब्दांतच सांगते. एवढं ध्यानात ठेवा: नामसप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत; एकाचा पहारा संपला की दुसरा त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतो.

कोरोनात पनवेलच्या ज्या सभागृहात खाटा टाकल्या होत्या, तिथेच यंदा तरुण कलाकारांचं प्रदर्शन भरलं. त्या काळात कला सुटलेल्यांपैकी एकाला शिष्यवृत्ती मिळणार होती. करंजाच्या कोमलने गावच्या दादू वीणेकऱ्याची वीणा, त्याची शेवटची खाट होती तिथे, माणसाच्या गळ्याएवढ्या उंचीवर जाळ्याच्या दोरीने टांगली. पंखे बंद असले तरी ती गुणगुणायची. परीक्षक यायच्या आधी दादूची बायको आली. तिने वीणा धरली. “काकी, सोड! माजं सगळं यावर हाय.” “बाय, ह्यांचा पहारा अजून संपला नाय. बदलीला कुनाला आत सोडला व्हता?” वीणेखालच्या मोकळ्या फरशीवर काकीने डोकं टेकवलं. कोमलने स्वतःच दोरी सोडली. वीणा काकीच्या गळ्यात गेली, गुणगुण थांबली. परीक्षक रिकामी दोरी बघून पुढे गेले. तासाभराने काकी उभ्याने दमली, तेव्हा कोमल तिच्यापुढे वाकली.

माउली, पुढच्या सप्ताहात वीणेला हात जोडाल, तेव्हा आमच्या दादूची आठवण काढा. आणि हात न लावता ती गुणगुणलीच, तर खुशाल पुढे व्हा. कुणीतरी बदलीची वाट बघत उभं असेल.