पंचवीस किलोचा नांगर

“पंधरा किलोचा दाखव,” अन्सेल्मो म्हणाला.

दुकानदार एफ्रेनच्या तोंडात पानसीतच्या शेवयांचा घास तसाच राहिला. हा म्हातारा मोठमोठ्या जहाजांवर तीस वर्षं खलाशांची मुकादमी करून आलेला. लोखंडात काटकसर करणाऱ्याने समुद्रावर जाऊच नये, असं याच दुकानात उभं राहून त्याने कितीजणांना सुनावलं होतं.

“मनोंग, तुमची शिडाची होडी अकरा मीटरची,” थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणत एफ्रेनने डबा बाजूला ठेवला. “पंधरा किलोचा नांगर माझ्या मेव्हण्याच्या डबड्याला लागतो.”

“दाखव म्हटलं ना.”

अन्सेल्मोची बायको कोन्चिंग साखळ्यांच्या ढिगापाशी उभी होती. तिने नुसतं वळून त्याच्याकडे बघितलं, आणि अन्सेल्मोने नजर चुकवली.

साखळी मात्र त्याने आपल्या शिरस्त्याप्रमाणेच निवडली. आठ मिलिमीटरची, जस्ताचा मुलामा दिलेली साठ मीटर साखळी जमिनीवर उलगडायला लावली आणि उकिडवं बसून कडीन् कडी बोटांतून सरकवली. दोन कड्यांचे सांधे त्याला पटले नाहीत. त्याने दुसरी मागवली, तीही तशीच तपासली. उठताना त्याचा हात गुडघ्यावरून छातीवर गेला आणि खिशातली गोळ्यांची डबी वाजली. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगताना ते त्याच्याकडे नाही, कोन्चिंगकडे बघत होते.

डिसेंबरात दोघं होडीने पलावान बेटाकडे निघणार होती. दोघंच. तिकडच्या खाड्यांमध्ये आठ-आठ दिवस माणसाचं तोंड दिसत नाही. एखाद्या सकाळी आपण उठलोच नाही, तर हिला एकटीला नांगर उचलून परत येता आलं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं. मरणाचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. याचं वाटत होतं.

“हलका आहे. सुटसुटीत,” नांगरावर हात ठेवून तो म्हणाला.

“वारा सुटला तर धरेल का हा?” कोन्चिंगने एफ्रेनला विचारलं.

एफ्रेनने एकदा अन्सेल्मोकडे बघून घेतलं. “चांगला चिखल असेल तर धरेल. वाळूवर घसरत जाईल, मनांग.”

“आणि तो?” तिने कोपऱ्यातल्या पंचवीस किलोच्या नांगराकडे बोट केलं.

“तो रुतला की रुतला.”

“मग तो घे. मागे धक्क्यावर आण. साखळी पण आण.”

“तुला नाही उचलवणार तो,” अन्सेल्मो म्हणाला.

“बघू की.”

धक्का दुकानाच्या मागेच होता. एफ्रेनने हातगाडीवरून नांगर नेला, साखळी जोडली, तिचं वरचं टोक खुंटाला बांधलं आणि नांगर पाण्यात सोडला. साखळी खडखडत गेली आणि थांबली. कोन्चिंगने हातमोजे चढवले. एकसष्ट वर्षांची बाई, पण त्या हातांनी ओलोंगापोच्या बाजारात वर्षानुवर्षं माशांच्या पाट्या उचलल्या होत्या. सुरुवातीची ढिली साखळी सहज वर आली. मग ती ताठ झाली. खाली नांगराने चिखल धरला होता.

तिने ओढाताण केली नाही. साखळीचा वेढा खुंटाला घातला आणि खाली बसून दम घेतला. मग उठली, पाय रोवले, ओढलं. दोन कड्या मिळाल्या. पुन्हा वेढा, पुन्हा दम. अन्सेल्मो मनातल्या मनात कड्या मोजत होता. तिच्या मानेची शीर फुगलेली त्याला दिसत होती.

पाचव्या खेपेला ओल्या दगडावरून तिचा पाय सरकला आणि साखळी हातभर मागे पळाली. अन्सेल्मोने झेप घेऊन ती धरली.

“हात काढ,” कोन्चिंग म्हणाली.

“अगं, पण—”

“हात काढ. तू इथे नाहीयेस.”

एफ्रेन पाण्याकडे बघत राहिला.

अन्सेल्मोने हात काढला. त्याला फार लागलं ते, पण बोलणार काय? दोन्ही बाळंतपणांना तो नव्हता. वादळात घराचे पत्रे उडाले तेव्हा नव्हता. तिची आई गेली ते त्याला रॉटरडॅमला, पंधरा दिवसांनी पत्रातून कळलं होतं. ती सगळं एकटीने कसं उचलत आली, हे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आज तीन हात अंतरावर उभं राहून पाहत होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि डोळ्यांतलं पाणी तसंच राहू दिलं.

अर्धा तास गेला. मग खालून चिखल सुटला, साखळी एकदम हलकी लागली, आणि हातभर-हातभर करत तिने नांगर धक्क्याच्या काठावरून आत घेतला. त्याच्या फाळावरून काळा चिखल ओघळत होता. ती त्याच्याशेजारीच पाय पसरून बसली.

एफ्रेनने तिला पाणी दिलं. मग सवयीने अन्सेल्मोकडे वळून विचारलं, “मनोंग, कुठला देऊ?”

“मी कुठे आहे इथे?” अन्सेल्मो म्हणाला. “तिला विचार.”

कोन्चिंग त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हातमोजे काढले आणि घामेजलेले हात झग्याला पुसले.

“हाच,” ती म्हणाली. “आणि लाल रंगाचा डबा दे एक. साखळीवर दर दहा मीटरला खुणा करायच्यात. त्या हा करेल. आज आहे ना तो.”