आठ वाजताची लाईट

रोज आठला मालिका सुरू झाली की आधारआबा मागच्या दाराने हळूच मीटरपाशी जायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. मग "लाईट गयी" म्हणत सगळे ओट्यावर यायचे. मुलगा कापसाचं सांगायचा, नातवंडं आबांच्या मांडीसाठी भांडायची, सून कामिनी भाजलेल्या शेंगा आणायची. तेवढा तासभर घर आबांचं असायचं.

परवा आबांचा पाय मोडला. आज आठ वाजले, मालिकेचं गाणं लागलं, आणि प्लास्टरचा पाय घेऊन आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मीटर दहा पावलांवर होतं.

एकदम अंधार झाला. मागचं दार वाजलं आणि कामिनीचा आवाज आला, "आबा, लाईट गयी. चाला, बठ्ठा जण वट्टावर बसूत."

मुलाने आणि तिने मिळून खाट उचलून ओट्यावर आणली. समोरच्या घरात लख्ख दिवे होते, टीव्ही चालू होता. आबांनी तिकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

शेंगा सोलता सोलता ती हळूच म्हणाली, "समोरना घरना उजेड आम्हले रोजच दिखस, आबा."