पिंपळाचा आत्मा

काशीदच्या जुन्या पिंपळाचा आत्माच कॅनव्हासवर उतरवायचा, असा क्षिप्राने चंग बांधला होता. जागेचा मालक दयाराम मात्र रोज डोकावून नाक मुरडायचा. "झाड बेस हाय ताई, पन त्याच्यावरचा मुंजा कुठं हाय?"

शेवटी वैतागून तिने वरच्या फांदीवर लंगोटीतला मुंजा बसवला. दयारामचा चेहरा उजळला. त्याने चित्रासमोर नारळ फोडला आणि ते स्वतः उचलून तिच्या गाडीत ठेवलं.

क्षिप्राला गहिवरून आलं. "किती श्रद्धा हो तुमची या झाडावर!"

"श्रद्धा कसली? मुंज्याच्या भीतीनं झाड तोडाया कोन तयार न्हवता. हॉटेल अडलंय माझं." मागे वळून त्याने आरोळी ठोकली, "आना रे करवत! मुंजा गाडीत बसला!"